महिपतने तोडलेली वायर

धसईच्या बाजारात पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा महिपत कोणाच्या घरी गेला की आधी पाणी घेत नाही, आधी मीटर बघतो. घरची माणसं चहाचं विचारत असतात आणि हा बाबा मान वर करून भिंतीवरच्या वायरींमागे डोळे पळवत असतो. खिशात टेस्टर कायमचा. लग्नाच्या मांडवात नवरदेवाआधी जनरेटरला भेटणारा पाहुणा कोणी पाहिला नसेल, तर त्याने धसईला यावं. "महिपतदादा आला रे, बटनं बंद करा," असं पोरं ओरडतात. तोही हसतो. पण बघायचं काही सोडत नाही.

याला छंद म्हणावं तर तसंही नाही. तरुणपणी एका घरी तो पंखा दुरुस्त करायला गेला होता. त्या घराच्या पत्र्याला खांबावरून येणारी वायर घासत होती, आणि त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. महिपत अंगणात पोचला तेव्हा घरची बाई तारेखाली पडली होती, ओलं लुगडं हातात तसंच. पंख्यासाठी आलेल्या माणसाने त्या दिवशी तिरडीचे बांबू तोडले. तेव्हापासून त्याला न बोलावता बघायची खोड लागली. कोणी ऐकतं, कोणी हाकलतं, त्याला दोन्हीची सवय झाली होती.

पण जगात एक घर असं होतं, जिथे त्याने तोंड उघडायचं नव्हतं. ते म्हणजे किन्हवलीजवळचं त्याच्या लेकीचं, सरिताचं सासर. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या घरात खोट काढायची नसते. वाढलेलं गोड म्हणून खायचं, मान खाली ठेवायची आणि निघायचं. ही रीत कोणी केली ते ठाऊक नाही, पण केली तो मुलीचा बाप नसणार एवढं नक्की.

सरिताला सातवा महिना लागला. ओटीभरण करून तिला बाळंतपणाला माहेरी न्यायचं ठरलं. महिपत आणि त्याची बायको मैना किन्हवलीला गेले. अंगणात मांडव, बायकांची गाणी, फुलांनी मढवलेली सरिता. व्याही कमळू आनंदात होता. त्याची बायको मागेच वारलेली. घरात तो, मुलगा, सून आणि बारावीतली मुलगी राही. आसनगावच्या कंपनीत जन्म घालवून कमळूने हे घर बांधलं होतं, आणि त्यातली वायरिंगसुद्धा स्वतःच्या हाताने केली होती. हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. महिपतला तर दोनदा सांगितलं. महिपतने मान डोलावली आणि डोळे आपल्या ताटात ठेवले.

जेवणं चालू असताना मागच्या पडवीतला बल्ब मंदावला. "सूनबाई, जरा पाणी घाल गो," कमळूने बसल्या जागेवरून हाक दिली. सरिता उठली, हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि मागच्या दाराने बाहेर गेली. महिपतचा घास हातात राहिला.

वीज एका वायरीने घरात येते आणि दुसरीने परत जाते. परतीची वायर तुटली की ती बदलायची असते. पण भिंत कोण फोडणार? मग माणसं जमिनीत लोखंडी सळई ठोकतात आणि वीज मातीत सोडून देतात. दिवे लागतात, सगळे खूश. उन्हाळ्यात माती सुकली की वीज मातीत जिरत नाही, सळईतच उभी राहते. दिवा मंद होतो. आणि घरातलं कोणीतरी, बहुतेक सूनच, अनवाणी जाऊन तिच्यावर पाणी ओतते.

महिपत मागे धावला. सरिता वाकली होती. त्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. मग सळईला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बाबा, आज नको," सरिता हळूच म्हणाली. "मी रोज घालते. थोडी मुंगी येते हाताला, दुसरं काय नाय. मान खाली घालायला लावू नका मला."

मुंगी येते! महिपतने रीत, मान, पाहुणे कशाचाही विचार केला नाही. मेन स्विच पाडला, पक्कड काढली, घराच्या मागच्या भागाला जाणारी वायर तोडली आणि सळईची वायरही उपटून टाकली. पुढच्या मांडवातली गाणी थांबली होती.

"कोणाला विचारून?" कमळू दारात उभा होता.

"व्याही, मरंल की ही! मी उद्या नवी वायर ओढून देतो, तुमी फक्त हो म्हना."

"चार वर्षं चालतंय. कोन मेलं? चारचौघांत माझं काम खोटं ठरवायला आलात काय?"

आणि इथेच महिपतची पंचाईत होती. कोण मेलं, याला उत्तर नव्हतं. अपघात झाला तर सगळ्यांना दिसतो. टळला तर तो टळला हे दाखवणार कुठून? पाहुण्यांना दिसला तो फक्त भर जेवणात लोकांचं घर अंधारात टाकणारा माणूस.

कमळूने सुनेला पाठवलं नाही. "माझी बहीण येईल बाळंतपन करायला," असं सांगून त्याने व्याह्यांना वाट दाखवली. मुलगा बापापुढे बोलला नाही. सरिता बापाकडे पाहतसुद्धा नव्हती.

त्यानंतर मैनाने घरात बोलणं टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढीच तिची हौस होती. खोली सारवून ठेवली होती, डिंकाचे लाडू वळून झाले होते. महिपत दुकानात मोटारी भरायचा आणि हात मध्येच थांबायचे. आपण तोडलं ते बरोबरच होतं, यात त्याला शंका नव्हती. पण बरोबर असूनही रात्री झोप लागत नव्हती, याचं करायचं काय?

शेवटी शेजाऱ्याची इको गाडी घेऊन तो किन्हवलीला गेला. कमळूच्या पायाशी बसला. "चुकलो, व्याही. पोरीला पाठवा."

कमळूचा राग तेवढ्याने उतरणारा नव्हता. इतके दिवस त्याने मागच्या घरात कंदिलावर भागवलं होतं, पण दुसऱ्या वायरमनला हात लावू दिला नव्हता. "तुमी तोडलात, तुमीच जोडा. नवी वायर नको, होती तशी जोडा. गावाला कळू दे माझं काम बरोबर व्हतं. मग खुशाल न्या लेकीला."

महिपत उठला. खरं सांगायचं तर त्याने फार विचार केलाच नाही. सरिता इथून निघाली की झालं, मग या घरात काय पेटायचं ते पेटू दे. बाप होता तो. मेन पाडून तो मागे गेला, सळईजवळ बसला आणि वायरीचं टोक सोलू लागला. सरिता पिशवी घेऊन दारात उभी होती.

"राही, पानी आन गो. दिवा लागतो का बघू," कमळू आतून म्हणाला.

राही तांब्या घेऊन आली. अनवाणी. "काका, जोडलात की सांगा, मी ओतते," ती हसून म्हणाली. "वहिनी गेल्यावर मलाच घालायचंय आता."

महिपतचे हात थांबले. त्याने मान वर करून सरिताकडे पाहिलं. सरिता राहीकडे बघत होती.

"नका जोडू, बाबा," ती म्हणाली.

"अगो, पन तुजी आई वाट बघतेय घरी..."

"मी गेले तर मामंजी कोनाकडून तरी जोडून घेतील. मी हाय तवर कोनाला हात लावू देनार नाय." तिने राहीच्या हातातला तांब्या काढून घेतला, पिशवी उचलली आणि घरात गेली. कमळू ओरडत राहिला. ती बाहेर आली नाही.

इको रिकामी परतली. मैना ओट्यावर उभी होती. तिने गाडीत वाकून पाहिलं, मग महिपतकडे पाहिलं. त्याने झालं तेवढं सगळं सांगितलं. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.

"लोकांच्या पोरीसाठी आपली ठेवून आलात?"

"मी नाय ठेवली," महिपत म्हणाला. "ती राहिली."

आणि तो तिथेच ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला.