तीन हात

कंपनीची गाडी आखातातल्या अल दुहैल वस्तीतल्या त्या कंपाउंडात वळली आणि जालिंदरनं ती जागा लगेच ओळखली. फाटकाचा रंग बदलला होता, कुंपणावर बोगनवेल चढली होती, पण गवंडी आपली भिंत विसरत नाही. अकरा वर्षांपूर्वी ही घरं त्याच्याच टोळीनं बांधली होती. तेव्हा तो नुकताच टोळीचा मुकादम झाला होता, आणि नव्या मुकादमाच्या अंगात जेवढा शहाणपणा शिरतो तेवढा त्याच्याही अंगात शिरला होता.

आज काम साधं होतं. एका घराचं तळघर राहण्याजोगं करायचं होतं, त्याची मापं घ्यायची. घरात भाड्यानं राहणारं जोडपं मराठी निघालं. मयूर पुण्याचा, बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात; बायको गौरी विट्याची; मुलगी ईशा सात वर्षांची. मालकानं सांगितलं होतं, भाडं वाढवणार नाही, पण तळघर करायचं तर तुमच्या खर्चानं करा. ईशाला स्वतःची खोली हवी होती.

जालिंदर टेप धरून भिंतीलगत फिरला. एका कोपऱ्यात पांढरी भुकटी फुलली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. भिंतीला लोणा लागला होता. म्हणजे मागे पाणी होतं, समुद्राचं खारं पाणी, जमिनीखालून आलेलं. तो काही बोलला नाही. सोबतच्या इंजिनीअरनं मापं लिहून घेतली आणि दोघं वर आले.

काय बोलणार? तळघराच्या भिंतीला बाहेरून डांबराचे तीन हात मारायचे असतात. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. त्या वर्षी माती भरायचं मशीन भाड्यानं येऊन उभं होतं आणि फोरमन डोक्यावर बसला होता. एकच हात मारून झाला होता. "यल्ला, चल, भर माती," फोरमन म्हणाला आणि कागद पुढे केला. त्यावर तीन हात मारल्याचं छापलेलं होतं. जालिंदरनं खाली सही ठोकली. फोरमन कधीच आपल्या देशी निघून गेला. कागद मात्र ऑफिसात होता आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

जालिंदरला अजून चौदा महिने काढायचे होते. धाकट्या लेकीचं, दुर्गाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर कंपनीकडून एकोणीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब घेऊन तो आटपाडीला बायकोकडे, हौसाबाईकडे, कायमचा जाणार होता. हे बिंग फुटलं तर कंपनी हात झटकणार आणि खापर त्याच्या डोक्यावर फोडणार, हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तो पायऱ्या चढला.

जाताना गौरीनं विचारलं, "मामा, गाव कुठलं तुमचं?"

"आटपाडी, ताई."

"अगबाई! म्हणजे माझ्या माहेरकडचेच की. शुक्रवारी जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही."

बरवा अल बराहा या कामगार वस्तीतल्या खोलीत पाच जणांबरोबर डाळभात खाणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं की नाही कसं म्हणवणार? शुक्रवारी तो गेला. गौरीनं बाजरीची भाकरी आणि खर्डा केला होता. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. खर्डा तिखट झालाय, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

जेवणानंतर मयूरनं कंपनीचं कोटेशन पुढ्यात ठेवलं. बेचाळीस हजार रियाल. "आणि हे बघा, त्यातले तेरा हजार नुसते वॉटरप्रूफिंगचे! वाळवंटात कसलं आलंय वॉटरप्रूफिंग? वर्षातून दोनदा पाऊस. मामा, खरं सांगा, ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय की नाही?"

जालिंदरला ठसका लागला. गौरीनं पाणी दिलं.

"मी सगळी चौकशी केलीय," मयूर म्हणाला. "सामानाचे साडेअकरा हजार होतात. व्हिडिओ बघितलेत. पुट्टी, रंग, फरशी, लाईट, सगळं मी करणार. आपला हात जगन्नाथ! तुम्ही फक्त तोंडानं सांगायचं."

"सांगीन की. पण कामाला हात लावायचा न्हाय मी. कंपनीबाहेर काम केल्यालं कळलं तर खलास."

"मग ठरलं. तुम्ही खुर्चीत बसायचं."

पुढचे दोन शुक्रवार जालिंदर खुर्चीत बसला, आणि चांगल्या कारागिराला याहून मोठी शिक्षा नाही. मयूर थापी चमच्यासारखी धरायचा. त्याची पुट्टी भिंतीवर कमी आणि चष्म्यावर जास्त बसायची. जालिंदरचे हात शिवशिवायचे. पण खरा जाच वेगळाच होता. ईशा खाली यायची, खडूनं जमिनीवर चौकोन काढायची आणि सांगायची, "This is my bed. This is my study table." मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. पलंगाचा तो चौकोन बरोबर लोणा लागलेल्या भिंतीला चिकटून होता.

तो स्वतःची समजूत घालायचा. आतून चांगलं केमिकल मारलं तर पाणी थोपेल. वर्षभर तरी थोपेल. तोवर आपण आटपाडीत असू. हा विचार आला की त्याला स्वतःचीच शिसारी यायची, आणि तरी तो विचार सोडवत नव्हता.

मग कंपनीनं त्याला अल रय्यानच्या एका शाळेच्या कामावर पाठवलं आणि तिथं शुक्रवारचीही सुट्टी मिळेना. साइटवरूनच त्यानं मयूरला फोन केला. "साहेब, वॉटरप्रूफिंग गाळू नका. कंपनीला देऊ नका, पण केमिकलचा डबा आणा आणि भिंतीला तीन हात मारा. कमी न्हाय. तीन हात."

"तीन हात. ओके, मामा."

"इसरू नका."

"लिहून ठेवलं."

फोन ठेवल्यावर जालिंदरला हलकं वाटलं. अर्धं पाप फेडल्यासारखं. पापाचा अर्धा हप्ता कुठंच जमा होत नाही, हे त्याला अजून समजायचं होतं.

पाच आठवड्यांनी गौरीचा फोन आला. खोली तयार झाली होती, ईशा शुक्रवारपासून खाली झोपणार होती, आणि मामांशिवाय नारळ फोडायचा नाही असं ठरलं होतं. शाळेचं काम आटोपत आलं होतं, सुट्टी मिळाली; शुक्रवारी दुपारी जालिंदर मिठाईचा पुडा घेऊन हजर झाला. खोली खरोखर छान झाली होती. फिकट पिवळ्या भिंती, खिडकी नसली तरी हौसेनं लावलेला पडदा, पलंग, पलंगाच्या डोक्याशी दिव्यांचा स्विचबोर्ड. मयूरचा चेहरा बारशातल्या बापासारखा फुलला होता.

नारळ फोडला. ईशा नारळाचं पाणी ओंजळीत धरून प्यायली आणि तिनं ओल्याच हातांनी पलंगावर उडी मारली. "Mama, see my lights!"

जालिंदरची नजर तेव्हाच भिंतीवर गेली. जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत रंग गुळगुळीत होता. त्याच्यावर, अगदी सरळ रेषेत, रंगाला फोड आले होते. खाली अडलेल्या पाण्यानं वर चढून वाट काढली होती. स्विचबोर्ड त्याच रेषेवर होता आणि त्याच्या खालच्या कडेला पाण्याचा थेंब लोंबत होता.

"हात लावू नगंस!" तो एवढ्या जोरात ओरडला की ईशाचा हात हवेतच राहिला. त्यानं तिला उचललं आणि पायरीवर नेऊन ठेवलं. "साहेब, मेन बंद करा. आत्ता. पळा!"

मयूर धावला. तळघर अंधारलं. ईशा रडायला लागली, गौरीनं तिला पोटाशी धरलं. मोबाईलच्या उजेडात जालिंदरनं बोर्डाचे स्क्रू काढले. आतल्या डबीतून वाटीभर पाणी त्याच्या मनगटावर सांडलं.

मयूर मेन बंद करून खाली आला. "पण मामा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. तीन हात."

"तीन हात मारलं?"

"हो ना. हे बघा." मयूरनं कोपर भिंतीच्या तळाशी टेकवून बोटं वर ताठ केली. "हा एक हात." मग पेन्सिलीची खूण दाखवली. "हा दोन. हा तीन. बरोबर साडेचार फूट. एक सेंटीमीटर कमी नाही."

जालिंदर बघत राहिला. "आणि लेप किती?"

"लेप? एकच."

गौरीच्या तोंडून हसू फुटलं, रडण्याच्या काठावरचं. "अरे देवा. मयूर, हात म्हणजे कोट! रंगाचा एक हात, दोन हात. माझे आजोबा दिवाळीला चुन्याचे हात मारायचे घराला."

मयूर मटकन पायरीवर बसला. "म्हणजे माझीच चूक. माझ्यामुळे पोरगी..." त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मामा, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी सगळं खरवडतो आणि परत तीन कोट मारतो. छतापर्यंत."

झालं होतं. जालिंदर सुटला होता. चूक मयूरनं स्वतःच्या गळ्यात घालून घेतली होती आणि वर आभारही मानले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं. तीन कोट बसले असते, भिंत कोरडी दिसली असती, वर्ष-दीड वर्ष निघालं असतं. चौदा महिन्यांतले आता साडेअकराच उरले होते.

गौरी म्हणाली, "चला, वर चला. जेवून घ्या आधी. मामा, तुम्ही होतात म्हणून."

जालिंदर उठला नाही. पोरीचा तो हवेत थांबलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"ताई, मी जेवणार न्हाय. आधी ऐका. आतनं तीन मारा न्हायतर तीस मारा, ही भिंत कोरडी व्हायची न्हाय. पाणी भाइरनं येतंय. भाइरनं डांबराचं तीन हात पायजे होतं, एकच मारल्यालं हाय."

"तुम्हाला कसं माहीत?" मयूरनं विचारलं.

"मारणारा मीच हुतो."

त्यानं सगळं सांगितलं. माती भरायचं मशीन, फोरमन, कागद, सही. काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. पहिल्या दिवशीच लोणा चाखला होता, हेही सांगितलं.

मयूर उभा राहिला. अंगानं बारीक माणूस, पण रागानं थरथरत होता. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? तुम्ही इथं बसून आमच्या घरचं खात होतात, ही पोरगी तुमच्यासमोर पलंगाची जागा आखत होती, आणि तुम्ही गप्प?"

"व्हय."

"का?"

"नोकरी जाईल म्हणून." याहून मोठं कारण असतं तर त्यानं दिलं असतं. "मालकाला सांगा. कंपनीला भाइरनं खोदून करून द्यावं लागंल. ते न्हाय म्हणतील. तवा माझं नाव सांगा, मी लिहून देतो."

मयूर त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत राहिला. जालिंदरनं मिठाईचा पुडा तसाच ठेवला आणि पायऱ्या चढू लागला. त्याला वाटलं, आता निदान छातीवरचा धोंडा तरी उतरला. वाईट झालं, पण संपलं.

मागून गौरीचा आवाज आला. तिनं मामा म्हटलं नाही.

"शेजारच्या घराचं काय?"

तो थांबला.

"ह्या ओळीतली सगळी घरं तुम्हीच बांधलीत ना? की एवढ्या एकाच भिंतीला एक हात मारला होता?"

इतके दिवस जालिंदर एका भिंतीला भीत आला होता, कारण तेवढी एकच त्याच्या डोळ्यांपुढे आली होती. मशीन एक दिवस उभं होतं. त्या एका दिवसात माती सगळ्याच घरांना भरली होती.

"बारा," तो म्हणाला. "बाराच्या बारा."

गौरीनं ईशाला घट्ट धरलं. "बाजूला तय्यबा राहते. तिनं गेल्या वर्षीच तळघर करून घेतलंय."

जालिंदर बाहेर पडला. चपला घालायचं त्याच्या लक्षात आलं नाही. तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत तो शेजारच्या दारापाशी गेला आणि त्यानं घंटा दाबली. आपण कोण, हे इथं हिंदीत कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करायला त्याला वेळ मिळाला नाही. दार उघडून ओढणी सावरत एक बाई उभी राहिली.

"बहनजी," तो म्हणाला, "नीचे कोई सोता है क्या?"

"हाँ, मेरी दोनों बेटियाँ. अभी भी सो रही हैं. क्यों? आप कौन?"

"पहले उनको ऊपर बुलाओ," जालिंदर म्हणाला. "मैं कौन हूँ, वो बाद में बताता हूँ."