म्हशीसाठी पोटुशी

लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि सासूबाईंच्या दर पत्रात 'काही विशेष?' हा प्रश्न ठरलेला. चंदीगडमधल्या एका नाक्यावर मी सलग चार दिवस गरोदर होते, हे मात्र त्यांना मी कधीच कळू दिलं नाही.

नवरा एअरफोर्समध्ये. त्याच्या बदलीमागे मी तिथे गेले आणि जनावरांच्या रोगजंतूंची डॉक्टर म्हणून एका छोट्या प्रयोगशाळेत चिकटले. दिवस दहशतवादाचे होते. कर्फ्यू कधी लागेल याचा नेम नसे, आणि तो लागला की प्रयोगशाळेला कुलूप.

आमच्या गल्लीत एक म्हातारी सरदारीण दूध घालायची. सगळे तिला बीजी म्हणत, म्हणजे आई. मोहालीच्या बाजूच्या गावात ती एकटी राहायची. मुलगा दोन वर्षांपूर्वी घरातून गेला तो परतला नव्हता, आणि कुठे आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं. पोटाला आधार एका म्हशीचा, आणि तिचीच कास सुजली. दोन सड आटले, तिसऱ्यातून पू यायला लागला. गावातला कंपाउंडर रोज तेच एक इंजेक्शन टोचत होता. व्यापारी चार दिवसांनी म्हैस न्यायला येणार होता.

"म्हैस गेली की मला भावाच्या गावी जावं लागेल," ती म्हणाली. "मग माझा मुलगा आला तर कोणाचं दार वाजवेल?"

मी दुधाचा नमुना घेतला.

कामाची पद्धत अशी. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर अंगाच्या उबेइतक्या गरमीत पालथी ठेवायची. ज्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, ते औषध लागू. मी टिकल्या ठेवल्या आणि दुपारी कर्फ्यू पुकारला! सगळे घरी पळा. वीज गेलेली, वर जानेवारीची थंडी. अंगाची ऊब हवी ना? मग अंगच घ्या! बशी मिठाईच्या डब्यात घातली, डबा मफलरने पोटाला बांधला, वरून स्वेटर, वरून शाल.

नाक्यावरच्या जवानाने बंदूक रोखली. "पेट पे क्या है?"

डब्यात जंतू आहेत म्हटलं असतं तर तिथेच आडवी झाले असते. माझ्या तोंडून निघालं, "पाँचवाँ महीना."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात पोटात बशी खणकन वाजली. मी जोरात खोकले. त्याने मला पोलिसांच्या जीपमधून घरापर्यंत पोचवलं.

"म्हणजे आज मी जंतूंच्या शेजारी झोपायचं?" नवरा म्हणाला.

"बाहेर सोफा आहे," मी म्हणाले.

सकाळी बशी उजेडात धरली. कंपाउंडरच्या औषधाच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून बसले होते, मेले! एका टिकलीभोवती मात्र स्वच्छ गोल कडं. आनंदाने मी नवऱ्याला मिठी मारली, आणि तो आधी हात धुऊन ये म्हणाला.

ते औषध पलीकडच्या बंगल्यातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे मिळालं. पण गावाला जायचं कसं? औषध आणि सुया डब्यात भरल्या, डबा पुन्हा पोटावर बांधला. नाक्यावर तोच जवान.

"बहनजी, कर्फ्यू में कहाँ?"

"गाँव में दाई को दिखाना है."

परत जीप. बीजीच्या दारात त्याने विचारलं, "माई, दाई आप हैं?" कालपर्यंत सपाट पाहिलेल्या माझ्या पोटाकडे बीजीने एकदा बघितलं. तिच्या दारात वर्दी यायची ती मुलाची चौकशी करायला, पण बाई काय पक्की! पापणी न हलवता म्हणाली, "होर कौण?" म्हणजे, मग दुसरं कोण!

आम्ही गोठ्यात शिरलो. सुई टोचताच म्हैस अशी हंबरली की बाहेरून जवान घाबरून ओरडला, "सब ठीक है जी?"

"ठीक है!" बीजीने आतून सांगितलं. "थोड़ी पीड़ है!"

हसू दाबून माझं खरोखरच पोट दुखायला लागलं. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी काळ्या फडक्यावर धार काढली, एकही गुठळी नाही! मी उड्या मारल्या. त्या दिवशी जीप मला सोडून लगेच परतली होती. औषध संपलं होतं, म्हणून रिकामा डबा बीजीकडेच ठेवून तशीच पायी निघाले. माझी अक्कल बघा.

नाक्यावर जवानाने माझं सपाट पोट पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली. "हिम्मत रखना, बहनजी," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मला ते बघवेना. सगळं खरं सांगून टाकलं. आधी तो संतापला. मग कासेच्या सुजेला त्यांच्याकडे म्हणतात तो शब्द काढून म्हणाला, "थनैला था? हरियाणे में हमारे घर तीन भैंसें हैं. पहले बोल देतीं, मैं आकर भैंस के पैर पकड़ लेता."

व्यापारी आला तसा हात हलवत गेला. म्हैस पुढे दोनदा व्याली. आमची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. बीजीने डोक्यावरून हात फिरवला, तुझ्यामुळे घर टिकलं म्हणाली. दार सताड उघडं होतं, दिवसभर उघडंच असायचं. त्या दारातून मुलगा आला नव्हता. तिला या वाट बघण्यात मीच अडकवलं की काय, असं त्या दिवशी मला वाटलं, आणि मी तिच्याकडे नीट बघूही शकले नाही.