निम्मा दोष ज्योतीरामचा

कुरुळीच्या यशोदाबाईला कुणी विचारलं, की बाई, तुमचा नवरा कशानं गेला, तर ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. खरं ऐकायचं असेल तर वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ सहसा कुणाकडे नसायचा. मग ती म्हणायची, "लारीखाली गेला." माणूस चुकचुकून पुढे जायचा.

ज्योतीराम गाडीवान होता. जमीन नावापुरती, पोट चालायचं ते बैलगाडीच्या भाड्यावर. चाकणहून कांद्याची पोती भरायची, पुण्याला उतरवायची, येताना पेंड नाहीतर मिठाची पोती आणायची. अबोल माणूस, पण बैलांशी वाटभर बोलायचा. यशोदाबाई हसून म्हणायची, "माज्याशी येवढं बोलला असता, तर म्या बी गाडी वढली असती."

चौपन्न सालच्या माघातली गोष्ट. भोसरीला मावशी आजारी होती, म्हणून लेकीला सासूपाशी ठेवून यशोदाबाई त्या दिवशी गाडीवर पोत्यांच्या मागे बसली होती. ऊन वर आलेलं होतं. मोशीच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याचं काम निघालं होतं आणि डाव्या अंगाला खडीचा भला मोठा ढीग ओतलेला होता. निम्मा रस्ता त्यानंच खाल्ला होता. तीन दिवस सगळ्या गाड्या उजवीकडून वळसा घालून जात होत्या. ज्योतीरामनंही कासरा ओढून बैल उजवीकडे घेतले. तेवढ्यात वळणावरून पुण्याकडची लॉरी आली, ती रोरावतच. डायव्हरनं भोंगाही वाजवला नाही. यशोदाबाई शेतात फेकली गेली आणि तिचं मनगट मोडलं. एक बैल जागीच मेला. ज्योतीरामला चाकाखालून काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

त्या रस्त्याच्या ठेकेदाराकडे मुकादम होता मालोजी, ज्योतीरामचा धाकटा भाऊ. ढीग त्यानंच उतरवून घेतला होता. पलीकडे काम चाललं होतं, तिथून तो धावत आला, भावाच्या अंगावर पडला, ऊर बडवून रडला. मग उठला. पागोटं सोडून भावावर पांघरलं आणि आपल्या माणसांना हाक मारली.

बांधाला टेकून यशोदाबाई बघत होती. बारा-पंधरा बायका-माणसं घमेली भरभरून खडी उचलत होती, पुढच्या खड्ड्यांत नेऊन टाकत होती. तिला वाटलं, आपल्याला न्यायला वाट मोकळी करतायत. चांगला दीर दिला देवानं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. फौजदार पंचनाम्याला आले तेव्हा रस्ता झाडल्यासारखा स्वच्छ होता. चाकोरी उजवीकडे, मेलेला बैल उजवीकडे. पंचांनी जे दिसलं त्यावर अंगठे उठवले.

तिसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला घरी येणार होते. सकाळीच सासू, रुक्मिणीबाई, तिच्यापुढे येऊन बसली. दोन दिवसांत म्हातारी वाळून गेली होती.

"येशोदे, त्या ढिगाचं काय बोलू नगंस."

"का वो आत्याबाई?"

"मालोजीची नोकरी जाईल. ठेकेदार म्हनतो, बेडी बी पडंल. एक गेला माजा. दुसरा बी नेतीस व्हय?"

मालोजी दारात पाठमोरा उभा होता. वळला नाही. यशोदाबाईनं विचार केला तो एवढाच, की आपण बोलल्यानं गेलेला माणूस काही परत येत नाही. फौजदारानं विचारलं, "गाडी उजवीकडे कशी गेली?" ती म्हणाली, "म्या मागं बसले हुते सायेब. मला न्हाई दिसलं."

लॉरीच्या डायव्हरला चार महिन्यांची कैद झाली. लॉरीमालकाच्या माणसानं दहनाच्या खर्चाचे पन्नास रुपये धाडले आणि वर, आता आणखी काही मागणं नाही, अशा कागदावर तिचा अंगठा मागितला. तो मात्र तिनं दिला नाही. गावच्या मास्तरांनी तिला पुण्याला यशवंतराव वकिलांकडे नेलं. वर्ष भरायच्या आत दावा घालावा लागतो म्हणून वकिलांनी घाईनं कोर्टाची फी माफ व्हावी असा नादारीचा अर्ज केला आणि दावा दाखल केला. पंचनामा वाचून मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, गाडी चुकीच्या बाजूला होती. लॉरी भरधाव होती हे खरं, पण समोरचे म्हणणार, दोष तुमच्या नवऱ्याचाही आहे. सगळा दावा बुडू शकतो. ते उजवीकडे का गेले होते?"

तेव्हा तिनं ढिगाचं सांगितलं.  वकिलांनी पंचनामा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

कोर्टात हाच प्रश्न मालकाच्या वकिलानं विचारला, फक्त आवाज चढवून. "पोलिसांना तुम्ही म्हणालात, दिसलं नाही. आता म्हणता, ढीग होता. मधल्या काळात ढीग कुठून आला? वकिलांच्या घरून?" लोक हसले. यशोदाबाई म्हणाली, "तवा माज्या सासूनं पदर पसरला हुता." हे काही पुराव्यात बसणारं नव्हतं.

त्या वळणावरून गेलेले गाडीवान साक्षीला यायला तयार होईनात, तेव्हा यशवंतरावांनी मालोजीला समन्स काढलं. गळ्याशी बटण लावलेला धुवट सदरा घालून तो पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली. खडीचा ढीग होता का, असं विचारल्यावर म्हणाला, "न्हाई जी. खडी सगळी बाजूच्या शेतात हुती." भाऊ कसा गाडी हाकायचा, असं समोरच्या वकिलानं विचारलं तेव्हा त्यानं गळ्याशी बटण चाचपलं. मग खाली बघत म्हणाला, "कदी कदी डुलकी घ्यायचा."

यशोदाबाई उठून उभीच राहिली. "भावजी!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. पट्टेवाल्यानं तिला दटावून खाली बसवलं.

निकाल सत्तावन्न साली लागला. जज्जसाहेबांनी इंग्रजीत वाचला. यशवंतरावांनी बाहेर व्हरांड्यात मराठीत सांगितला. लॉरी वेगात होती, म्हणून निम्मा दोष डायव्हरचा. गाडी कारण नसताना उजवीकडे होती, म्हणून निम्मा दोष मयताचा. कमावता माणूस गेल्याचं नुकसान धरलं होतं तीन हजार सहाशे. त्यातले अठराशे त्याच्या स्वतःच्या चुकीपायी कापले. उरले त्यातला लेकीचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत कोर्टात, एक वाटा म्हाताऱ्या आईला, राहिलेलं यशोदाबाईला.

"कारन नसताना," ती म्हणाली. तिनं तेवढंच उचललं होतं.

"हो बाई. कारण सिद्ध झालं नाही."

रुक्मिणीबाई मालोजीकडे राहायची. तिच्या वाट्यातून त्या उन्हाळ्यात मालोजीच्या घरावर नवे पत्रे चढले. समोरच आपल्या अंगणात भांडी घासताना यशोदाबाईच्या डोळ्यांत त्यांची तिरीप जायची. तिनं महिनाभर सोसलं आणि मग लेकीला, इंदूला, घेऊन गाव सोडलं. पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामावर लागली आणि चिंचवडला एक खोली घेतली. मोडलेलं मनगट गार पाण्यात ठणकायचं, म्हणून ती डाव्या हातानं घासायला शिकली.

दोन वर्षांनी मालोजी तिच्या दाराशी उभा राहिला. रस्ता पुरा झाल्यावर ठेकेदारानं त्याला काढून टाकलं होतं. गाल बसले होते. यशोदाबाईनं पाणी दिलं.

"वयनी, तुमच्या सायबापाशी शब्द टाका. कसलं बी काम चालंल."

"टाकते," ती म्हणाली. "पर त्याआदी एक करा. ही इंदू हाय. शाळंत पोरी तिला म्हनत्यात, तुजा बाप झोपून गाडी हाकायचा. तिला सांगा, ढीग हुता म्हनून. कोरटात न्हाई, हितं. येवढ्या खोलीत."

इंदू भिंतीला पाठ लावून काकाकडे बघत होती. मालोजीनं तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला. घसा खाकरला.

"आता त्याचा काय उपेग, वयनी," तो म्हणाला. आणि चपला घालून निघून गेला.

यशोदाबाईनं साहेबांपाशी शब्द टाकला नाही. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनंच लेकीला सगळं सांगितलं: ढीग, घमेली, म्हातारीचा पदर. फौजदारासमोर आपण काय बोललो, तेही गाळलं नाही.

इंदू ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आये, म्हंजी तू बी खोटं बोललीस?"

"व्हय," यशोदाबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.