पुढून की मागून

आईचा डावा खुबा पार झिजला आणि आमच्या घरात एकच भांडण सुरू झालं: खुबा बदलायचं ऑपरेशन पुढून करायचं की मागून?

नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, मागूनच करू, सगळं नीट दिसतं. थोडे स्नायू कापावे लागतात, पण परत शिवतो. पुण्याचे म्हणाले, छे, मी पुढून करतो, स्नायू कापायचेच नाहीत, नुसते बाजूला सारायचे. हे ऐकून नारायणगावचे म्हणतात, सारताना ताणले तरी स्नायू दुखावतातच, आणि काही महिन्यांनी दोन्हीकडचे पेशंट सारखेच चालतात. ज्याची त्याची आपलीच लाल! मी शाळेत गणित शिकवते, एका प्रश्नाला दोन उत्तरं मला चालत नाहीत. रोज मोबाइलवर वाचायचे आणि रोज चिडायचे. शेवटी माझं उत्तर ठरलं: पुढूनच.

शिनोलीला घरी आई वैतागली. "पुढचा पाय का मागचा, बोकड हाय का मी? मला एवढंच सांग, बसता यील का?"

पौर्णिमेला विहारात ती बायकांच्या पहिल्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसायची, वंदना तीच सुरू करायची. खुबा दुखायला लागल्यापासून तिची खुर्ची मागे भिंतीशी. "पावण्यावानी वाटतं मला," म्हणायची.

पुण्याच्या डॉक्टरांना तिनं तेच विचारलं, "सायेब, बसता यील का?"

"येईल की आजी, बिनधास्त!"

बस्स, आई तयार झाली. ऑपरेशन पुढून झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालली. मला तर मीच जिंकल्यासारखं वाटलं.

दीड महिन्यानं तपासणीला गेलो.

"आता बसू का?" आईनं विचारलं.

"बसलाच आहात की!"

"न्हाई वो, खाली. मांडी घालून."

"अहो, खाली नाही हं. सांधा निखळेल. आता कायम खुर्चीच."

परतताना गाडीत मी डॉक्टरांच्या नावानं नुसती बोटं मोडत होते. नीट सांगायला काय धाड भरली होती यांना! मंचर आलं तशी आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुला ठावं व्हतं का गं?"

होतं. डॉक्टर खुर्चीचं बोलतायत हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ती एकदाची हो म्हणत होती, आणि मला ते पुढूनच करून घ्यायचं होतं.

"नाही गं आई," मी म्हणाले.