कुशीत तीन भोकं

आमच्या गल्लीत ऑपरेशन वितीने मोजत. कुणी दवाखान्यातून आलं की बाया पार्ले बिस्किटचा पुडा घेऊन टाके पाहायला यायच्या, पदर सरकवायच्या आणि अंगठा-करंगळी ताणून माप घ्यायच्या. माझ्या जावेचं अपेंडिक्स एक वीत चार बोटं भरलं होतं. त्या वितीवर तिने अख्खी रोवणी, म्हणजे धानाची सारी लावणी, खाटेवर काढली, आणि एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

माझं नशीब बघा. उजव्या कुशीत कळ यायची, मी भिंत धरून बसायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या दिवशीच बरं दुखते तुले!" शेवटी एकदा मी शेतात, धानाच्या बांधीतच आडवी झाली, तेव्हा नवऱ्याने नागपूरला नेलं. मूत्रनळीत खडा अडकला होता. डॉक्टर म्हणाले, पोट फाडायचं काम नाही. मूत्रपिंड असतं पोटाच्या मागे, पाठीकडे. कुशीत तीन भोकं पाडू, आत फुगा फुगवून जागा करू, दुर्बीण घालू, खडा काढू. "फुगा काऊन?" हे नवऱ्याने तीनदा विचारलं आणि गावात येऊन सगळ्यांना सांगितलं. मेल्याला दुसरं काही सांगायला सुचलं नाही.

खडा निघाला. पण मूत्रनळीत एक बारीक नळी ठेवली होती. ती काढेपर्यंत वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाहीतर लघवीतून रक्त जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि घरी आली तर रोवणी तोंडावर. आमच्याकडे बाया एकमेकींच्या बांधीत पाळीने रोवतात. जी येत नाही तिच्या बांधीत कुणी पाय घालत नाही. न जावं तर आमचं धान राहतं, जावं तर दिवसभर चिखलात वाकायचं. मला रात्रंदिवस त्या नळीचं भेव.

बाया आल्या. मी कुशीवर वळली, पोलकं वर केलं. तीन चिकटपट्ट्या. चुलत सासूने वीत ताणलेला हात हवेतच ठेवला.

"एवढंच? मच्छर चावला तरी याच्याहून मोठं फुगते वो!"

दुसरी म्हणाली, "खडा पोटात होता म्हने, अन् पोट त कोरं करकरीत!"

"किडनी पोटाच्या मागं असते, काकी," मी म्हटलं.

"तुह्याच बरी मागं असते?"

बिस्किटचा पुडा त्या परत घेऊन गेल्या. देवाशपथ! माझा असा संताप झाला की वाटलं, डॉक्टरला म्हणायचं होतं, बाबा, एक वीत तरी कापून दे.

सासूबाई दारात उभ्या राहून सारं ऐकत होत्या. मला वाटलं, आता उद्या बांधीत जा म्हणतात. त्या आत गेल्या, सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून आणलं आणि छातीखालून कमरेपर्यंत मला गुंडाळायला लागल्या. वरून हळद, त्यावर लाल दवाई. तेराव्याचं जेवण घालावं अशी माझी दशा दिसायला लागली.

"आता हसू नोको," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चुलत सासू पुन्हा आल्या. "बाप्पा बाप्पा! हे काय?"

"काल लाजेनं सारं दाखवलं नाई पोरीनं," सासूबाई ठणकावून बोलल्या. "पट्टी उघडाची नाई म्हनते डॉक्टर. आतडं बाहेर येते."

मी गोधडी तोंडात कोंबली. हसू दाबावं तर टाके दुखत, न दाबावं तर सासूबाई खोट्या पडत. संध्याकाळपर्यंत तिघींकडून अंडी आली. आमची बांधी त्याच बायांनी रोवून दिली. आणि माझी पाळी फेडायला प्रत्येकीच्या बांधीत सासूबाई गेल्या, त्या वयात.

एका संध्याकाळी त्या परतल्या आणि खांबाला टेकून तशाच उभ्या राहिल्या. हात उजव्या कुशीवर. ती जागा मी झोपेतही ओळखली असती.

"आत्याबाई, तुमालेई दुखते?"

"दुखते. तू या घरात आली नव्हती तवापासून."

माझं डोकंच फिरलं. "अन् मले टोमणे मारत होत्या? लाज नाई वाटली?"

त्या खाली बसल्या. "मी सांगतलं त माही सासूबी तसंच बोलली. मले वाटलं, सुनेनं सांगतलं का असंच म्हनाचं असते."

कपाळ माझं! रागही आला आणि रडूही आलं.

नळी काढायला नागपूरला जाताना मी त्यांना एस.टी.त ओढूनच बसवलं. सोनोग्राफीचं थंडगार औषध पोटाला लागताच त्यांनी डॉक्टरच्या हातावर चापट मारली. डॉक्टर हसले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आजी, खडा आहे. बराच जुना दिसतो. काढावा लागेल."

"खरंच हाय? नीट पाह्यलं तुमी?"

"आहे, आजी. हा काय."

बाहेर सगळे आपापला रिपोर्ट घेऊन तोंड पाडून बसले होते. त्यात माझी सासू एकटी हसत बाहेर आली. बाकावर टेकली, आणि वर छताकडे पाहून आपल्या मेलेल्या सासूला सगळ्यांदेखत खडसावून म्हणाली, "आयकलं का वो, आत्याबाई?"