ट्रायपॉडला टांगलेली बॅग

डोंगरावर न्यायचा ट्रायपॉड निवडायला मला चार महिने लागले. तेवढ्यात लोक स्थळ बघून लग्न उरकतात, असं बायको म्हणायची. जुना ट्रायपॉड ॲल्युमिनियमचा, साडेतीन किलोचा. खांद्यावर घेऊन दोन तास चढायचं म्हणजे शिक्षाच, आणि माझी कंबर पन्नाशीच्या आतच कुरकुरायला लागलेली. मी भिसेगावात राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो आणि रविवार आला की पक्ष्यांचे फोटो काढायला डोंगरात जातो. म्हणजे, जायचो.

शेवटी कार्बनचा घेतला, सव्वा किलोचा. पायांची शेवटची नळी करंगळीएवढी बारीक. दुकानदार म्हणाला, "सर, मोठी लेन्स लावलीत की हा थरथरणार. मधल्या दांड्याला खाली हूक आहे, त्याला बॅग टांगायची. मग नाही हलत." ही युक्ती मला भलतीच आवडली. वेगळं वजन वाहायलाच नको, पाठीवरचं आहे तेच कामाला येणार.

मग मला वजनाचं वेडच लागलं. स्वयंपाकघरातला काटा मी टेबलावर आणून ठेवला आणि एकेक वस्तू मोजायला लागलो. फ्लॅश काढला, जादा बॅटरी काढली, चार्जरची वायर काढली. मोठी लेन्स दोन किलोची, ती काढणं शक्यच नव्हतं, तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप. उरल्या पाण्याच्या दोन बाटल्या, लिटर-लिटरच्या.

फोटो काढायचे होते ससाण्याचे. पोशीरच्या मागच्या डोंगरात कड्यावर त्याचं घरटं असल्याचं मला बायकोच्या मोठ्या भावाने सांगितलं होतं. पोशीरला त्यांची भातशेती, आणि नोकरी कुंभिवलीच्या एका कारखान्यात. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. ते मात्र मला दाजी म्हणायचे आणि कधी अरेतुरे केलं नाही. मी सासरी गेलो की माझं ताट वाढल्याशिवाय ते स्वतः पाटावर बसायचे नाहीत. घरचा जावई, त्याचा मान. मी यावर त्यांची चेष्टा करायचो, पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "दाजी, एकल्यानं जाऊ नका. मी येतो. रातपाळी करून सरळ तितंच येतो."

"झोप कधी घेणार?"

"ती काय, मंग घेईन."

मी बाटल्यांचं विचारलं तर हसले. "आपल्याच डोंगरात पानी वाहून न्यायचं? वर झरा हाय, मे म्हैन्यात बी आटत नाय."

हे मला पटलंच. तीन-तीन बाटल्या घेऊन धापा टाकत चढणारे मुंबईचे ट्रेकर बघून आम्ही इथले लोक नेहमीच हसत आलोय. मी एक बाटली फ्रिजमध्ये परत ठेवली.

एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. दीड तासाने झऱ्यापाशी पोचलो, तर तिथे सिमेंटची टाकी बांधलेली, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. टाकीतून काळा पाइप खालच्या कुणाच्या तरी फार्महाऊसकडे गेलेला. आत पाणी पडल्याचा आवाज येत होता. दादा बराच वेळ कुलपाकडे बघत राहिले. "दोन वरसं इकडं आलो नाय मी," ते म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, जणू झरा त्यांनीच विकला. मी म्हटलं, "असू द्या, अर्धी बाटली आहे अजून." तिथूनच मागे फिरायला हवं होतं. ते म्हणणार नव्हते, कारण जावयाची हौस होती. मी म्हणालो नाही, कारण हौस माझीच होती.

कड्यासमोर ट्रायपॉड लावला. वारा होता, लेन्स थरथरायला लागली. मी बॅग हुकाला टांगली. बाटली बॅगेतच होती. तासाभराने मादी भक्ष्य घेऊन घरट्यावर उतरली आणि पिल्लं चोची वासून पुढे आली.

मागून दादांचा आवाज आला. "दाजी, जरा पानी देता का?"

मी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. "पाच मिनिटं, दादा. बॅगेला हात लावू नका, हलेल."

"बरं," ते म्हणाले. पुन्हा मागितलं नाही. दुसरा कुणी असता तर चार शिव्या हासडून बाटली ओढून घेतली असती. मी वळून बघितलं तेव्हा पाच नाही, चाळीस मिनिटं झाली होती. ते एका खुरट्या झुडपाखाली पाय पसरून बसले होते. चेहरा लालबुंद आणि कोरडा, घामाचा थेंब नाही. मला विचारत होते, कंपनीची बस गेली का. मी बाटली तोंडाला लावली, पण त्यांना गिळता येईना. उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं.

फोन केल्यावर खालच्या वाडीतली माणसं आली, चादरीची झोळी करून त्यांना उतरवलं आणि टेंपोत घालून कर्जतला आणलं. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. तो दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढला आणि त्यात एकदा, बायको आत असताना, कॅमेरा उघडून फोटो बघितले. एकही हललेला नव्हता. हे लिहितोय, म्हणजे मी कसला माणूस आहे ते कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले.

त्यांना पोशीरला घरी आणलं. उचलायच्या आधी प्रत्येकाने तोंडात पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. तांब्या, तुळशीचं पान, माणसांची रांग. मी मुद्दाम पार मागे, ओटीच्या खांबापाशी उभा होतो. सासूबाईंनी मान वर करून मला शोधलं आणि म्हणाल्या, "जावयांना फुडं येऊ द्या. शेवटाला तेच व्हते त्याच्या संगं." लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. मी गुडघे टेकले, पान बुडवून त्यांच्या ओठांवर धरलं. पाणी आत गेलं नाही, गालावरून कानाकडे ओघळलं. सासूबाईंनी ते पदराने टिपलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमी लई केलंत त्याच्यासाठी."

दादांनी माझ्याकडे पाणी मागितलं होतं, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.