माझ्या रक्ताचा कागद

सोरायसिस माझ्या कोपरांवरून हातांच्या पाठीवर उतरला, तेव्हा मी धायरीतल्या एका शाळेत पहिलीला शिकवत होते. पहिलीला शिकवणं म्हणजे तोंडाने कमी, हाताने जास्त. मुलाची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि अक्षर गिरवून घ्यायचं. दोन पालकांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापिकांनी मला वर्गातून उचलून कार्यालयात हजेरीपटांवर बसवलं. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्या गोड हसून म्हणाल्या, आपलं रक्त साफ झालं की वर्ग आपलाच.

रक्त साफ म्हणे! मी काय नळाला आलेलं गढूळ पाणी होते?

स्वारगेटजवळचे माझे डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला लावायचे. गोळ्या यकृताला सोसतायत का ते बघायला, आणि सीआरपीसाठी. अंगात दाह किती आहे, याचा तो अंदाज देतो. पण तो इतर दुखण्यांनीही वाढतो, म्हणून डॉक्टर आधी माझे हात उजेडात धरून बघायचे, मग कागद. मुख्याध्यापिका फक्त कागद बघायच्या. आणि मी शहाणी दर वेळी तो नेऊन दाखवायचे, याची मला आजही लाज वाटते. एकदा दाढ सुजली आणि सीआरपी चढला. चट्टे निम्मे गेले होते, तरी बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये माझा चहाचा कप वेगळा झाला.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला, हळू बोलणारा माणूस.

"वेगळा कप तुझे आजोबा छप्पन साली दीक्षा घेताना मागे टाकून आले," ते म्हणाले. "तू तो उचलू नकोस."

मला रडू आलं. मग राग आला, जास्त करून स्वतःचाच.

पुढचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी विचारलं आणि हात पुढे केला. कागद माझ्या पर्समध्ये होता. तो दिला असता तर त्याच तासाला वर्ग मिळाला असता. आणि पुढच्या वेळी दाढ सुजली की पुन्हा गेला असता.

"तो माझा आणि डॉक्टरांचा आहे, मॅडम," मी म्हणाले. "तुम्हाला दाखवणार नाही. मी वर्गावर जातेय. थांबवायचं असेल तर कारण लेखी द्या."

त्यांनी लेखी काहीच दिलं नाही. देणार तरी काय?

पहिलीतल्या एका मुलीने माझ्या हातावरच्या उरलेल्या चट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, दुखतं का. खाजतं, मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि पेन्सिल धरलेली मूठ माझ्यापुढे केली. मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी ती मूठ हातात घेतली आणि आम्ही दोघींनी मिळून 'ळ' काढायला घेतला.